दुसऱ्याच्या आक्रमणाला फौजी मदत आणि तिचा राजनैतिक निषेध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियाच्या युक्रेनवरील युद्धासाठी बेलारूसने आपली भूमी वापरू दिली, इराणने ड्रोन पुरवले आणि उत्तर कोरियाने आधी तोफगोळे, मग क्षेपणास्त्रे आणि शेवटी सैनिक धाडले. प्रत्येक वेळी निषेधाची निवेदने निघाली. त्यांना कायद्याचा आधार कोणता, ती कशी वाचायची आणि कुठे फुसकी ठरतात, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

निषेध म्हणजे नुसते शब्दच ना?

शब्दच, पण सगळे शब्द एका तोलाचे नसतात. निवेदन हातात आले की त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: कोणत्या ठरावाचा किंवा कलमाचा भंग झाला हे सांगितले आहे का, पुराव्याचा उल्लेख आहे का, आणि निषेध करणारा पुढे स्वतः काय करणार आहे. तिन्ही असतील तर ते निवेदन पुढच्या निर्बंधांचा आणि खटल्यांचा पाया ठरते. एकही नसेल तर तो कागद दुसऱ्या दिवशी कोणी उघडत नाही, मग त्यात "तीव्र शब्दांत" हे पालुपद कितीही वेळा आलेले असो.

युद्धात असलेल्या देशाला शस्त्रे विकणे मुळात बेकायदा आहे का?

सरसकट नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रशियावर संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी नाही आणि ती येणारही नाही, कारण सुरक्षा परिषदेत रशियाकडे नकाराधिकार आहे. युरोपीय संघ, अमेरिका, ब्रिटन, जपान यांचे निर्बंध हे त्या त्या देशांचे स्वतःचे कायदे आहेत.

मग आक्षेप कशावर? एक तर सर्वसाधारण नियमावर. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ साली राज्यांच्या जबाबदारीविषयीची कलमे तयार केली. त्यातले कलम १६ सांगते की दुसऱ्या राज्याच्या बेकायदा कृत्याला परिस्थितीची जाणीव असताना मदत करणारे राज्यही जबाबदार ठरते. अट एवढीच की ते कृत्य मदत करणाऱ्याने स्वतः केले असते तरी बेकायदाच ठरले असते. कलम ४१ आणखी पुढे जाते. गंभीर उल्लंघनातून निर्माण झालेली परिस्थिती टिकवायला कोणीही हातभार लावू नये, असे ते बजावते. ही कलमे म्हणजे करार नव्हे, पण आंतरराष्ट्रीय न्यायालय त्यांचा आधार घेते.

दुसरा आक्षेप त्या विशिष्ट पुरवठादारावर लागू असलेल्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाचा. उत्तर कोरियाच्या बाबतीत तो आहे, इराणच्या बाबतीत काही काळ होता, चीनच्या बाबतीत नाही. निवेदनांच्या भाषेत फरक दिसतो तो यामुळे. नाटोने १० जुलै २०२४ च्या वॉशिंग्टन जाहीरनाम्यात चीनला रशियाच्या युद्धाचा "निर्णायक साहाय्यक" म्हटले, पण कोणत्याही ठरावाच्या भंगाचा आरोप केला नाही. तसा ठरावच अस्तित्वात नव्हता.

उत्तर कोरियावर नेमका कोणता ठराव लागू होतो?

ठराव १७१८, दि. १४ ऑक्टोबर २००६, आणि ठराव १८७४, दि. १२ जून २००९. पहिल्याने रणगाडे, मोठ्या तोफा, क्षेपणास्त्रे अशा जड शस्त्रांची निर्यात बंद केली. दुसऱ्याने ती बंदी उत्तर कोरियाकडून होणाऱ्या सर्वच शस्त्रनिर्यातीला लावली. म्हणजे उत्तर कोरियाने विकायचे नाही आणि इतरांनी घ्यायचेही नाही. तोफगोळ्यांची एक पेटी घेतली तरी घेणारा आणि देणारा दोघेही ठराव मोडतात. २०१६ च्या ठराव २२७० ने फौजी प्रशिक्षणाच्या देवाणघेवाणीवरची बंदी आणखी स्पष्ट केली.

हे तिन्ही ठराव एकमताने झाले. रशियाने स्वतः हात वर केला होता. त्यामुळे या प्रकरणातला निषेध इतर सर्व प्रकरणांपेक्षा कायद्याने पक्का आहे. रशियाचे आक्रमण क्षणभर बाजूला ठेवले तरी शस्त्रखरेदी बेकायदाच राहते.

पण रशिया आणि उत्तर कोरियामध्ये संरक्षण करार आहे. मग हरकत कसली?

व्लादिमीर पुतिन आणि किम जोंग उन यांनी १९ जून २०२४ रोजी प्याँगयांगमध्ये व्यापक सामरिक भागीदारीच्या करारावर सह्या केल्या. ४ डिसेंबर २०२४ पासून तो लागू झाला. त्याचे कलम ४ म्हणते की दोघांपैकी एकावर सशस्त्र आक्रमण होऊन युद्धस्थिती आली तर दुसऱ्याने सर्व साधनांनिशी ताबडतोब मदत करावी, आणि तीही संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ५१ नुसार, म्हणजे स्वसंरक्षणाच्या हक्काखाली.

आता सनदेचे कलम १०३ पाहा. सनदेखालची बंधने आणि इतर कुठल्याही करारातली बंधने यांत विरोध आला तर सनद वरचढ ठरते. सुरक्षा परिषदेचे बंधनकारक ठराव सनदेखालीच येतात. दोन देशांनी आपापसात सही करून १७१८ आणि १८७४ रद्द करता येत नाहीत. शिवाय पहिले सैनिक ऑक्टोबर २०२४ मध्ये रवाना झाले, म्हणजे करार लागू होण्याच्या आधीच. हा मुद्दा निवेदनांत फारसा आला नाही. यायला हवा होता.

उत्तर कोरियाचे सैनिक कुर्स्कमध्ये लढले. कुर्स्क तर रशियाचाच प्रांत. मग तो स्वसंरक्षणाचा भाग नाही का?

मॉस्कोचा युक्तिवाद हाच आहे आणि तो ऐकायला बरा वाटतो. युक्रेनने ६ ऑगस्ट २०२४ ला कुर्स्कमध्ये फौज घातली, हे खरे. पण स्वसंरक्षणाचा हक्क कोणाचा हे ठरवताना युद्ध कोणी सुरू केले ते पाहावे लागते. २४ फेब्रुवारी २०२२ पासून सशस्त्र हल्ल्याला तोंड देणारा देश युक्रेन आहे. हल्ला परतवताना हल्लेखोराच्या हद्दीत शिरणे हे गरजेच्या आणि प्रमाणाच्या मर्यादेत असेल तर स्वसंरक्षणातच मोडते. कायदेशीर स्वसंरक्षणाविरुद्ध पुन्हा स्वसंरक्षण पुकारता येत नाही. नाहीतर प्रत्येक आक्रमकाला पहिला प्रतिहल्ला होताच मित्रदेश बोलावण्याची मुभा मिळेल.

तरीही निवेदने लिहिणारे इथे जपून पावले टाकतात. "युक्रेनच्या भूमीवर आक्रमण" असे सैनिकांबाबत सरसकट लिहिले तर रशियाला एक वाक्य खोडून सगळा कागद खोटा ठरवता येतो. म्हणून १६ डिसेंबर २०२४ च्या संयुक्त निवेदनात जी-७ च्या देशांनी, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपीय संघाच्या प्रतिनिधीसह, "युक्रेनविरुद्ध रणांगणावर वापरण्यासाठी" सैनिक पाठवण्याचा निषेध केला. रणांगण नकाशावर कुठे आहे यावर ते वाक्य अडत नाही.

बेलारूसने तर लढायला सैन्य पाठवले नाही. मग त्याचे नाव ठरावात कसे?

आमसभेचा ठराव ३३१४, दि. १४ डिसेंबर १९७४, आक्रमणाची व्याख्या करतो. त्याच्या कलम ३ मधला 'फ' परिच्छेद बेलारूससाठीच लिहिल्यासारखा आहे: आपली भूमी दुसऱ्या राज्याच्या हवाली करून तिचा तिसऱ्या राज्यावरील आक्रमणासाठी वापर होऊ देणे हे स्वतःच आक्रमणाचे कृत्य आहे. म्हणून आमसभेच्या २ मार्च २०२२ च्या ठराव ईएस-११/१ मध्ये बेलारूसच्या सहभागाबद्दल वेगळा परिच्छेद घातला गेला.

आणि इराण?

इथे तारखांचा खेळ आहे. २०१५ च्या अणुकराराला मान्यता देणाऱ्या ठराव २२३१ च्या 'ब' परिशिष्टानुसार, ३०० किलोमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आणि मानवरहित विमाने इराणला सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय कोणाला देता येत नव्हती. ही अट १८ ऑक्टोबर २०२३ पर्यंत होती. शाहेद-१३६, ज्याला रशियन लोक गेरान-२ म्हणतात, २०२२ च्या शरद ऋतूत युक्रेनच्या शहरांवर कोसळू लागले तेव्हा ती लागू होती. म्हणून त्या वेळचा निषेध ठरावाच्या भंगावर उभा राहिला. इराणने आधी साफ इन्कार केला. मग ५ नोव्हेंबर २०२२ रोजी परराष्ट्रमंत्री अमीर-अब्दुल्लाहियान यांनी "थोडे" ड्रोन दिल्याचे मान्य केले, पण युद्धाच्या काही महिने आधी.

सप्टेंबर २०२४ मध्ये इराणी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे रशियाला पोहोचल्याचे ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने जाहीर केले तेव्हा मुदत संपलेली होती. ठरावाचे हत्यार हातात नव्हते. मग त्यांनी भर दिला तो कृतीवर: १० सप्टेंबरच्या निवेदनातच इराणबरोबरचे हवाई सेवा करार रद्द करण्याची आणि इराण एअरवर निर्बंध आणण्याची घोषणा केली. ऑक्टोबरमध्ये युरोपीय संघाने इराण एअरला यादीत टाकले आणि तिची युरोपातली उड्डाणे थांबली. कलम दुबळे असले तरी कृती ठोस असेल तर निषेध कसा टिकतो, याचे हे उदाहरण.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस या तिघांनी जुने निर्बंध पुन्हा लागू करून घेतले. त्यात इराणच्या शस्त्रनिर्यातीवर बंदी घालणारा २००७ चा ठराव १७४७ येतो. रशिया आणि चीन ही पुनर्स्थापना मानत नाहीत. म्हणजे यापुढच्या निवेदनांत काही देश १७४७ चा दाखला देतील आणि काही देश असा ठराव अस्तित्वातच नाही म्हणतील.

पाश्चात्त्य देश युक्रेनला शस्त्रे देतात. तेही परकीय फौजी मदतच देतात ना?

देतात. पण कायदा मदतीचा आकार पाहत नाही, ती कोणाला आणि कशासाठी दिली ते पाहतो. कलम ५१ सामूहिक स्वसंरक्षणाला परवानगी देते, आणि ज्याच्यावर हल्ला झाला त्याने मदत मागितलेली असली पाहिजे, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ च्या निकारागुआ विरुद्ध अमेरिका निकालात स्पष्ट केले.

गंमत अशी की त्या खटल्यात अमेरिका हरली होती. निकारागुआच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना शस्त्रे आणि प्रशिक्षण देणे हा बळाच्या वापराविरुद्धच्या नियमाचा आणि हस्तक्षेपबंदीचा भंग ठरला. नुसता पैसा देणे मात्र हस्तक्षेप ठरले, बळाचा वापर नव्हे. आज रशियाच्या पुरवठादारांवर बोट ठेवणाऱ्या वकिलांना अमेरिकेविरुद्धचाच निकाल उघडावा लागतो.

पुरावा कुठून येतो? गुप्तचर खात्याच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?

नुसत्या सांगण्यावर फारसे कोणी ठेवत नाही. म्हणून पुरावा थरांनी रचला जातो.

पहिला थर मालवाहतुकीचा. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी व्हाइट हाउसने उपग्रहचित्रे दाखवून सांगितले की हजाराहून अधिक कंटेनर उत्तर कोरियातून गेले: नाजिन बंदरातून 'अंगारा' या रशियन जहाजाने रशियातल्या दुनायला, तिथून रेल्वेने तिखोरेत्स्कच्या दारूगोळा कोठाराकडे. कंटेनरच्या आत काय आहे हे उपग्रहाला दिसत नाही. नेमका हाच आक्षेप घेतला गेला.

दुसरा थर अवशेषांचा. २ जानेवारी २०२४ ला खारकीववर पडलेल्या क्षेपणास्त्राचे तुकडे कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च या संस्थेच्या तपासनिसांनी हाताळून पाहिले. एका भागावर हाताने काढलेले कोरियन अक्षर होते आणि ११२ हा आकडा. उत्तर कोरियाची जुचे कालगणना १९१२ पासून सुरू होते. तिचे ११२ वे वर्ष म्हणजे २०२३. आतल्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांवर परदेशी कंपन्यांच्या खुणा सापडल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध निरीक्षकांनीही खारकीवला जाऊन ते ह्वासाँग-११ मालिकेतले क्षेपणास्त्र असल्याचे परिषदेच्या समितीला कळवले. असा तुकडा समोर ठेवला की "उपग्रहचित्र अस्पष्ट आहे" हा बचाव संपतो.

तिसरा थर माणसांचा. दक्षिण कोरियाच्या गुप्तचर संस्थेने १८ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगितले की सुमारे १,५०० विशेष सैनिक रशियन नौदलाच्या जहाजांनी व्लादिवोस्तोकला नेले गेले. क्रेमलिनने आधीच ही बातमी खोटी ठरवली होती. २४ ऑक्टोबरला कझानमध्ये पुतिन यांना विचारल्यावर त्यांनी इन्कार केला नाही. छायाचित्रे असतील तर ती काहीतरी दाखवतच असणार, अशा अर्थाचे बोलले. दुसऱ्याच दिवशी उत्तर कोरियाचे परराष्ट्र उपमंत्री म्हणाले की तसे असेल तर ते कायद्याला धरून आहे. ११ जानेवारी २०२५ ला युक्रेनने दोन कैदी पकडल्याचे जाहीर केले. एकाकडे रशियाच्या तुवा प्रजासत्ताकात दिलेले, दुसऱ्याच माणसाच्या नावाचे रशियन लष्करी ओळखपत्र होते. अखेर २६ एप्रिलला रशियाचे सेनाप्रमुख जनरल गेरासिमोव्ह यांनी आणि २८ एप्रिलला प्याँगयांगने उघड कबुली दिली.

इन्कार, मग "असेल तर कायदेशीर आहे", मग कबुली आणि सत्कार, हा क्रम ठरलेला आहे. पहिल्या टप्प्यावर पुरावा नीट नोंदवून ठेवला असेल तरच शेवटच्या टप्प्यावरची कबुली उपयोगी पडते.

राजदूताला पाचारण करतात म्हणजे प्रत्यक्षात काय होते?

परराष्ट्र मंत्रालय दूतावासाला फोन करून वेळ देते. बोलावणाऱ्याचा हुद्दा हाच पहिला संदेश: सहसचिवाने बोलावणे वेगळे, उपमंत्र्याने वेगळे, मंत्र्याने स्वतः बोलावणे वेगळे. राजदूताला आपली मागणी वाचून दाखवतात, बहुधा लेखी खलिताही देतात. राजदूत ती आपल्या राजधानीला कळवतो आणि तिथेच जमेल तेवढे उत्तर देतो. मग दोन्ही बाजू आपापले वृत्तान्त प्रसिद्ध करतात, आणि ते शेजारी ठेवून वाचायचे असतात.

२१ ऑक्टोबर २०२४ ला सोलमध्ये पहिले परराष्ट्र उपमंत्री किम होंग-क्युन यांनी रशियन राजदूत गिओर्गी झिनोव्येव्ह यांना बोलावले. सोलच्या वृत्तान्तात तीव्र निषेध होता आणि सैनिक ताबडतोब मागे घेण्याची मागणी. रशियन दूतावासाचे म्हणणे होते की उत्तर कोरियाशी सहकार्य आंतरराष्ट्रीय कायद्यात बसणारे आहे आणि दक्षिण कोरियाच्या सुरक्षेविरुद्ध नाही. त्यात "सैनिक नाहीत" असे वाक्य नव्हते. मौनाची नोंद करणे हेही वाचणाऱ्याचे काम असते.

पाचारणाच्या पुढच्या पायऱ्या: अधिकाऱ्यांना अवांछित ठरवून परत पाठवणे (१९६१ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ९, कारण देण्याची सक्ती नाही), संबंधांचा दर्जा उतरवणे, आणि शेवटी संबंध तोडणे. युक्रेनने यात भेद ठेवला. ड्रोनच्या प्रश्नावर सप्टेंबर २०२२ मध्ये इराणी राजदूताची मान्यता काढून घेण्याचा आणि दूतावासातले कर्मचारी कमी करण्याचा निर्णय घेतला, पण संबंध तोडले नाहीत. उत्तर कोरियाने दोनेत्स्क आणि लुहान्स्क या युक्रेनमधल्या रशियासमर्थक फुटीर भागांना देश म्हणून मान्यता दिली तेव्हा, १३ जुलै २०२२ रोजी, मात्र सरळ संबंध तोडले.

निवेदनातल्या क्रियापदांना खरेच एवढे महत्त्व असते का?

असते, कारण मसुद्यावर तासन्‌तास घासाघीस त्यांच्यावरच होते. चिंता, गंभीर चिंता, खेद, तीव्र नापसंती, निषेध, कठोरात कठोर शब्दांत निषेध, अशी ती चढण आहे. २५ फेब्रुवारी २०२२ च्या सुरक्षा परिषदेच्या मसुद्यात "निषेध" काढून त्याजागी त्याहून एक पायरी खालचा शब्द घातला गेला आणि सनदेच्या सातव्या प्रकरणाचा (सक्तीच्या कारवाईचे प्रकरण) उल्लेखही वगळला. हेतू असा की चीनने विरोधात मत देऊ नये. चीन तटस्थ राहिला. म्हणजे शब्द विकून मत विकत घेतले.

जागाही पाहावी. ठरावाच्या प्रस्तावनेत निषेध असणे आणि क्रमांक दिलेल्या परिच्छेदात असणे यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या परिच्छेदात सभागृह प्रत्यक्ष काहीतरी करत असते: "आवाहन करते", "मागणी करते", आणि सुरक्षा परिषद असेल तर "ठरवते". बंधन येते ते या शेवटच्या शब्दाने.

रशियाकडे नकाराधिकार आहे तर संयुक्त राष्ट्रांत काही होतेच कसे?

३ नोव्हेंबर १९५० च्या 'शांततेसाठी एकजूट' या ठराव ३७७ मुळे. परिषद नकाराधिकाराने अडली तर प्रश्न आमसभेच्या तातडीच्या विशेष अधिवेशनाकडे नेता येतो. त्यासाठी परिषदेत नऊ मते लागतात, आणि ही बाब कार्यपद्धतीची असल्याने तिथे नकाराधिकार चालत नाही. २७ फेब्रुवारी २०२२ ला ठराव २६२३ असाच ११ विरुद्ध १ मतांनी झाला. भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिरात तटस्थ.

आमसभेत महत्त्वाच्या विषयाला दोन तृतीयांश बहुमत लागते, पण हजर राहून बाजूने किंवा विरुद्ध मत देणाऱ्यांचेच. तटस्थ मोजत नाहीत. २ मार्च २०२२ ला १४१ बाजूने, ५ विरुद्ध, ३५ तटस्थ. वर्गणी थकवणाऱ्याचे मत सनदेच्या कलम १९ खाली जाते. व्हेनेझुएलाला त्या दिवशी याच कारणाने मत देता आले नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेनेच विरोधात मत दिले, हे खरे का?

खरे. २४ फेब्रुवारी २०२५ ला आमसभेत युक्रेन आणि युरोपचा ठराव ९३ विरुद्ध १८ मतांनी संमत झाला, ६५ तटस्थ. १८ मध्ये रशिया, उत्तर कोरिया, बेलारूस आणि अमेरिका एकत्र. अमेरिकेच्या स्वतःच्या मसुद्यात युरोपने दुरुस्तीने "रशियाचे पूर्ण प्रमाणातील आक्रमण" हे शब्द घातले, तेव्हा अमेरिका आपल्याच ठरावावर तटस्थ राहिली. निषेधाची आघाडी टिकवायला दरवेळी नव्याने मते मोजावी लागतात, हे परराष्ट्र सेवेतले लोक जाणून असतात. वृत्तवाहिन्यांना त्या दिवशी नव्याने कळले.

निर्बंधांवर देखरेख करणारे पथक बंद पडले म्हणतात. मग आता नोंद कोण ठेवते?

उत्तर कोरियावरील निर्बंधांच्या तज्ज्ञ पथकाची मुदत वाढवण्याच्या ठरावावर २८ मार्च २०२४ ला रशियाने नकाराधिकार वापरला. १३ बाजूने, चीन तटस्थ. ३० एप्रिलला पथक संपले. ज्याची चौकशी चालली होती त्यानेच चौकशी अधिकाऱ्याची खुर्ची काढून घेतली. निर्बंध मात्र कायम आहेत.

१६ ऑक्टोबर २०२४ ला अमेरिका, दक्षिण कोरिया, जपान यांच्यासह ११ देशांनी बहुपक्षीय निर्बंध देखरेख पथक स्थापन केले. त्याच्या मे २०२५ मधल्या पहिल्या अहवालानुसार उत्तर कोरियाने २०२४ मध्ये तोफा आणि रॉकेट लाँचरचे ९० लाखांपर्यंत गोळे आणि किमान १०० बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे रशियाला दिली, आणि ऑक्टोबर २०२४ नंतर ११,००० हून अधिक, तर २०२५ च्या पहिल्या तिमाहीत आणखी ३,००० हून अधिक सैनिक पाठवले. उणीव अशी की हे पथक संयुक्त राष्ट्रांचे नाही. आधीच्या पथकात रशिया आणि चीनचेही तज्ज्ञ असत; त्यामुळे त्याच्या वाक्याला जे वजन होते ते याला नाही.

भारत दरवेळी तटस्थ का राहतो?

रशियन शस्त्रांवरचे अवलंबित्व आणि तेल ही कारणे सगळे सांगतात, आणि ती खोटी नाहीत. पण मतपेटीची आठवण त्याहून जुनी आहे. १८ डिसेंबर १९६१ ला, भारतीय फौजा गोव्यात शिरलेल्या असताना, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीचा ठराव आणला. बाजूने ७, विरुद्ध ४. तो पडला सोव्हिएत नकाराधिकारामुळे. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धावरचे ठराव सोव्हिएत संघाने पुन्हा रोखले, तेव्हा प्रश्न याच 'शांततेसाठी एकजूट'च्या वाटेने आमसभेत गेला आणि ७ डिसेंबरला १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीचा ठराव झाला. त्या ११ मध्ये भारत होता.

म्हणजे आज युक्रेन ज्या साधनाचा आधार घेतो ते दिल्लीने दुसऱ्या बाजूने अनुभवले आहे. वसाहतीची मुक्ती आणि शेजारी सार्वभौम देशावरचे आक्रमण यांची बरोबरी होत नाही, हे खरे. भारताच्या मतस्पष्टीकरणांत सनद, सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडतेचा उल्लेख सातत्याने असतो. रशियाचे नाव नसते. तटस्थतेला पाठिंबा समजू नये आणि निषेधही समजू नये. दोन्ही बाजूंचे प्रवक्ते उलटे सांगतात.

सुरक्षा परिषद परकीय फौजी मदतीबद्दल कधी कोणाचे नाव घेतेच का?

घेते, आरोपीकडे नकाराधिकार नसेल तर. काँगोतले गोमा शहर एम-२३ या बंडखोर गटाच्या हाती गेल्यावर २१ फेब्रुवारी २०२५ ला ठराव २७७३ एकमताने झाला. त्यात रवांडाच्या सैन्याचे नाव घेऊन एम-२३ ला पाठिंबा थांबवायला आणि काँगोतून विनाअट ताबडतोब बाहेर पडायला सांगितले आहे. युक्रेनच्या प्रकरणाशी ताडून पाहायला याहून चांगला कागद नाही.

निषेधाने युद्ध थांबले का?

नाही. गोळे येत राहिले. परिणाम झाला तो इतरत्र. युरोपीय संघाने १६ डिसेंबर २०२४ च्या पंधराव्या निर्बंध संचात उत्तर कोरियाचे संरक्षणमंत्री नो क्वांग चोल आणि उपसेनाप्रमुख किम योंग बोक यांची नावे घातली. आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी विशेष न्यायाधिकरण स्थापण्याचा करार २५ जून २०२५ ला स्ट्रासबूर्गमध्ये युक्रेन आणि युरोप परिषद ही संघटना यांच्यात झाला. अशा ठिकाणी आधी साठवलेली निवेदने आणि अवशेषांच्या नोंदी कामाला येतात. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला हा गुन्हा रशियावर चालवता येत नाही, कारण रशिया सदस्य नाही आणि परिषदेतून प्रकरण पाठवायचे तर पुन्हा नकाराधिकार.

रशियन सैन्यात भारतीय तरुण लढले. तीही भारताची फौजी मदत धरली जाते का?

नाही. राज्याने पाठवलेले सैन्य आणि दलालांच्या जाळ्यात सापडलेला माणूस यांत कायदा फरक करतो. नोकरीचे आमिष दाखवून भरती झालेल्यांना सोडावे ही मागणी भारताने पंतप्रधानांच्या जुलै २०२४ च्या मॉस्को भेटीतही मांडली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १२६ प्रकरणे सांगितली, त्यांतले ९६ परतले होते आणि १२ जणांचा मृत्यू झाला होता. "मदतनीस" किंवा "सुरक्षारक्षक" म्हणून रशियात नेण्याचा प्रस्ताव आला आणि करारपत्र फक्त रशियन भाषेत असेल, तर सही करू नये.

पुणे किंवा नाशिकच्या निर्यातदाराला याच्याशी काय देणेघेणे?

बरेच. ३० ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेने रशियाला पुरवठा केल्याच्या आरोपावरून जगभरातल्या सुमारे ४०० जणांवर निर्बंध घातले. त्यात १९ भारतीय कंपन्या होत्या. या व्यवहारांत भारतीय कायद्याचा भंग झालेला नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने म्हटले. ते बरोबर असले तरी डॉलरमधले खाते गोठायचे थांबत नाही.

माल पाठवण्यापूर्वी तो दोन याद्यांत तपासावा. एक विदेश व्यापार महासंचालनालयाची स्कोमेट यादी, म्हणजे लष्करी किंवा दुहेरी वापराच्या वस्तूंची. तीत असेल तर परवाना लागतोच. दुसरी पाश्चात्त्य देशांची उच्च प्राधान्य यादी, ज्यात सहा अंकी ५० एचएस कोड (सीमाशुल्कासाठी मालाचे वर्गीकरण क्रमांक) आहेत, इंटिग्रेटेड सर्किटपासून बेअरिंग आणि सीएनसी यंत्रांपर्यंत. दुसरी यादी भारतात कायद्याने बंधनकारक नाही, पण बँक विचारते तीच. ग्राहक कंपनी फेब्रुवारी २०२२ नंतर स्थापन झालेली, माल मध्य आशिया, तुर्कस्तान किंवा आखातातून पुढे जाणारा आणि पैसे तिसऱ्याच देशातून येणारे, असे तिन्ही जुळले तर अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र आणि पुनर्निर्यात न करण्याचे कलम करारात घेतल्याशिवाय माल हलवू नये. प्रमाणपत्रावरचा पत्ता नकाशावर पाहावा. कारखान्याच्या जागी निवासी इमारत निघण्याचे प्रकार घडतात.

एखाद्या निषेधाची बातमी खरी आहे का, ते कसे तपासायचे?

ठराव असेल तर क्रमांक मागा आणि संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात तो टाका. देशवार मते तिथे मिळतात. संयुक्त निवेदन असेल तर किमान दोन सहीकर्त्या देशांच्या परराष्ट्र मंत्रालयांच्या संकेतस्थळांवर तोच मजकूर आहे का ते पाहा. सह्यांची यादी शेवटपर्यंत वाचा, कारण "जगाने निषेध केला" या मथळ्याखाली कधी ४० हून अधिक देश असतात तर कधी दहाच. आणि "परिषदेने निषेध केला" असे लिहिले असेल तर कोणती परिषद ते पाहा: सुरक्षा परिषद, युरोपीय परिषद आणि युरोप परिषद या तीन वेगळ्या संस्था आहेत, आणि बातम्यांमध्ये त्या सर्रास एकमेकींच्या जागी छापल्या जातात.